विषय: लाइट बिलावर ‘ईएमसी’ आहे का? अकरावी-बारावीच्या मुलांसाठी

प्रेषक: युवा समिती

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आज घरचं लाइट बिल उघडून वर कोणाचं नाव आहे ते बघा. सॉनी, जॅक्सन, वॉल्टन अशा एखाद्या नावापुढे ‘ईएमसी’ (इलेक्ट्रिक मेंबरशिप कॉर्पोरेशन, म्हणजे ग्रामीण वीज सहकारी संस्था) असेल, तर तुम्ही नुसते ग्राहक नाही, त्या सहकारी संस्थेचे सभासद आहात. आपल्या जॉर्जिया राज्यातल्या बऱ्याच ईएमसी दर जूनमध्ये हायस्कूलच्या निवडक मुलांना आठवडाभर राजधानी वॉशिंग्टनला पाठवतात. नाव ‘यूथ टूर’. प्रवास, राहणं, जेवण सगळा खर्च संस्थेचा. देशभरातून दीड हजारांहून जास्त मुलं येतात, आपल्या राज्याच्या सिनेटरांना आणि प्रतिनिधींना भेटतात.

आपल्या मराठी घरांत ही बातमी पोचतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बिल ऑटोपेवर असतं, सोबतचं पत्रक कोणी उघडत नाही. अर्ज बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात घेतात, म्हणून आत्ताच लिहितेय.

प्रेषक: सभासद, जॉन्स क्रीक

ताई, माहितीबद्दल आभार. पण ‘ग्रामीण वीज’ म्हटल्यावर ही योजना शेतकऱ्यांच्या मुलांसाठी असणार ना? आम्ही सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे नव्या घरांच्या वसाहतीत राहतो. मुलगी ज्युनियर (अकरावीत) आहे, रोबोटिक्समध्ये रमते, चारचौघांत फार बोलत नाही. तिनं अर्ज करावा का?

प्रेषक: युवा समिती

जरूर करावा! फोर्साइथ काउंटीत आज जिथे आपली घरं आहेत तिथे पूर्वी शेतंच होती. 1930च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या खेड्यांत दहापैकी नऊ घरांत वीज नव्हती, कारण विरळ वस्तीत तारा ओढणं खासगी कंपन्यांना परवडत नव्हतं. यात आपल्या जॉर्जियाचा थेट संबंध आहे. अध्यक्ष रूझवेल्ट उपचारांसाठी वॉर्म स्प्रिंग्जला येत. तिथल्या घराचं पहिलं बिल आलं ते युनिटला 18 सेंटच्या दरानं, न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या हाइड पार्कच्या घराच्या चौपट. ऑगस्ट 1938मध्ये बार्न्सव्हिलच्या सभेत त्यांनी हे स्वतः सांगितलं. त्याआधी 1935मध्ये त्यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं उभं केलं होतं आणि त्याच्या कर्जावर शेतकऱ्यांनी गावोगावी संस्था काढल्या. वस्ती बदलली, संस्था त्याच राहिल्या, त्यामुळे आज त्यांचे सभासद आपण आहोत.

यूथ टूरची कल्पना पुढे अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांची. सिनेटर असताना 1957मध्ये त्यांनी वीज सहकारी संस्थांच्या शिकागोच्या अधिवेशनात मुलांना राजधानीत पाठवा असं सुचवलं, आणि 1964पासून ती देशपातळीवर भरते.

अटी प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या आहेत. कुठे घरचं मीटर बघतात, कुठे शाळा. त्यामुळे ऑफिसला फोन करून विचारा.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, कमिंग

मी श्रीरामपूरचा. आमच्याकडे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. 1960च्या दशकाच्या शेवटी भारतात प्रयोग म्हणून ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांतली ती एक. तिच्यामागे याच अमेरिकन वीज सहकारी चळवळीचा सल्ला होता. 2011मध्ये तिचं काम महावितरणकडे गेलं, पण बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था अजून चालू आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्यांनी पाहिलाय, त्यांना सभासद आणि संचालक मंडळ वेगळं समजवायला नको. आपल्या मुलांनी यूथ टूरच्या निवडीसाठी मुलाखत झाली तर तिथे हे जरूर सांगावं. आजोबांच्या गावची खरी गोष्ट आहे, पाठ केलेलं उत्तर नाही.

प्रेषक: माजी सभासद, सध्या डेन्व्हर

काका, वाचून फार आनंद झाला. इकडे कोलोरॅडोत वॉशिंग्टनच्या जोडीला एक शिबिरही असतं, स्टीमबोट स्प्रिंग्जजवळच्या क्लार्क गावात, जुलैमध्ये. कोलोरॅडो, कॅन्सस, ओक्लाहोमा आणि वायोमिंगच्या वीज संस्था मुलं पाठवतात. आमचा मुलगा जाऊन आला.

तिथे मुलं स्वतःची छोटी सहकारी संस्था काढतात. सभासद होतात, संचालक निवडतात, संचालक मॅनेजर नेमतात आणि रोज सभा भरते. आमचा पोरगा निवडणुकीत पडला, मग समितीत कामाला लागला. घरी आल्यावर त्यानं पहिल्यांदा विचारलं, “बाबा, आपण मतदान करतो का आपल्या संस्थेत?” आम्ही कधीच केलं नव्हतं, आता करतो.

लाइनमनांचं प्रात्यक्षिकही असतं. जिवंत तारांचं छोटं मॉडेल, लांब काठीनं फांदी टेकवली की कडाड आवाज, निळी ठिणगी आणि जळका वास. तेव्हापासून वादळानंतर पडलेली तार दिसली की तो धाकट्या भावाला लांबूनच मागे ओढतो.

जॉन्स क्रीकच्या ताई, लेकीला अबोल म्हणून मागे ठेवू नका. आमचाही आधी फारसा बोलत नव्हता.

प्रेषक: युवा समिती

काका, शनिवारी मराठी शाळेनंतर मुलांच्या सराव-मुलाखती घ्यायला याल का? समोर तीन खुर्च्या मांडू, प्रश्न इंग्रजीत विचारू. ‘सहकारी संस्था म्हणजे काय, तिचा मालक कोण?’ हा पहिला. मुलांनी सोबत घरचं एक लाइट बिल आणावं. ज्यांच्या बिलावर ‘जॉर्जिया पॉवर’ (ही सहकारी संस्था नाही, खासगी कंपनी) आहे त्यांनीही यावं, शाळेच्या पत्त्यावर कुठे अर्ज करता येतो का ते तिथेच फोन लावून विचारू.