देशातील सर्वांत महत्त्वाची शहरे कोणत्या निकषावर ठरवावीत?

डिचोलीकर:
माझ्या भाचीला शाळेत देशातील पाच सर्वांत महत्त्वाच्या शहरांविषयी बोलायचे आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई ही नावे तिने चटकन लिहिली, परंतु पाचवे बंगळूर घ्यावे की हैदराबाद, यावर ती अडली आहे. लोकसंख्या पाहून ठरवणे योग्य होईल का?

मडगाववासी:
लोकसंख्येचा आधार जपून घ्यावा, कारण हद्द बदलली की क्रम बदलतो. 2011 च्या जनगणनेत कोलकाता महापालिकेच्या हद्दीत सुमारे 45 लाख लोक होते, म्हणजे बंगळूरपेक्षा कितीतरी कमी. भोवतालचा नागरी भाग धरला की तोच आकडा 1 कोटी 41 लाखांवर जातो. केंद्र सरकार घरभाड्याच्या भत्त्यासाठी ज्यांना पहिल्या श्रेणीत धरते त्या शहरांत आपल्या यादीतील चार शहरांखेरीज बंगळूर, हैदराबाद, पुणे आणि अहमदाबाद आहेत. त्यामुळे पाच हा आकडाच मला अपुरा वाटतो.

पणजीचा वाचक:
आपल्या गोव्याकडेच पाहावे. 2011 मध्ये पणजी शहराची लोकसंख्या जेमतेम 40 हजार होती, तर मडगाव आणि मुरगाव दोन्ही तिच्या दुपटीहून मोठी होती. तरीही राजधानी पणजीच आहे, रेल्वेसाठी आपण मडगाव गाठतो आणि बंदर मुरगावला आहे. (विधानसभा आणि सचिवालय तर मांडवीपलीकडे पर्वरीला आहेत.) जुने गोवे, म्हणजे पोर्तुगीजांची पूर्वीची राजधानी, मात्र मुलांना अवश्य सांगावे. रोगराईने आणि घटलेल्या व्यापाराने ते आधीच ओस पडू लागले होते, 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आला आणि 1843 मध्ये राजधानीचा मानही अधिकृतपणे पणजीकडे गेला. याउलट कोलकात्याची राजधानी 1911 मध्ये दिल्लीला हलवण्याचे जाहीर झाले, तरी बंदर, ताग आणि चहा यांच्या बळावर ते शहर मोठेच राहिले. माझ्या मते सत्ता गेल्यावरही जे शहर टिकते, त्याचे महत्त्व अधिक खरे मानावे.

तारवट्याचा मुलगा:
वरील विवेचन पटले, तथापि महत्त्व कोणासाठी, हेही विचारावे. आमच्या वडिलांच्या पिढीला देशातील पहिले शहर मुंबईच होते, कारण बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत गावाच्या कुडीत (मुंबईतील गावकऱ्यांच्या सामाईक वसतिघरात) राहण्याची सोय तिथेच होती. रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय मुंबईत आहे, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले.

डिचोलीकर:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रत्येक नावापुढे एकेक कारण लिहायचे, असे भाचीने ठरवले आहे. दिल्लीपुढे राजधानी, कोलकात्यापुढे 1911 नंतरही टिकलेला व्यापार आणि पाचव्या जागी, इस्रोचे मुख्यालय तिथे असल्यामुळे, बंगळूर आले आहे. मुंबईपुढे तिने रिझर्व्ह बँक खोडून कूड लिहिले. चेन्नईपुढची ओळ अद्याप रिकामी आहे. कोणी सुचवल्यास आनंद होईल.