‘मूळ रक्त’ आमचंच, मग हरकतींच्या सुनावणीला कोण जाणार?

वेशीवरचा

आमचं गाव नवी मुंबईत, पाम बीच रोडच्या आतल्या बाजूचं. आता त्याला कुणी गाव म्हणत नाही, सेक्टरच्या नंबरात ते बुडालंय. यंदाच्या जत्रेच्या स्मरणिकेचं काम माझ्या चुलतभावाकडे आहे. मुद्रितं तपासायला त्याने मला बसवलं. पहिल्याच पानावर वाक्य: ‘आम्ही या भूमीचे मूळ वंशज, आमच्या रक्तात भेसळ नाही.’ मी ते खोडलं, त्याने परत घातलं. तिथून घरात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून इथे मांडतोय.

मी आगरीच आहे. आजोबा मिठागरावर राबले. ‘आगरी’ हा शब्दच आगरावरून आला, म्हणजे आपलं नाव कामावरून पडलंय. रक्त मोजायचा उद्योग केला तो इंग्रज साहेबाने. 1901 च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले लोकांच्या नाकांची लांबी-रुंदी घेऊन जातींची उतरंड लावायचा. मराठ्यांना त्याने ‘शक-द्रविड’ ठरवून टाकलं. पुढे मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी ही मापं तपासली आणि 1932 मध्ये दाखवून दिलं, की उत्तरेतला संयुक्त प्रांत सोडला तर इतरत्र नाकाची मापं आणि जातीची पायरी यांचा मेळच बसत नाही. साहेब गेला. फूटपट्टी मात्र आपण जत्रेच्या स्मरणिकेसाठी जपून ठेवली.

अभिमान धरायचा तर धरण्यासारखं रग्गड आहे. 17 मार्च 1970 ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी आली आणि 95 गावांच्या जमिनींवर शहर उभं राहायला लागलं. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरणच्या बाजूला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांनी त्या लढ्याचं नेतृत्व केलं आणि त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचा विकसित भूखंड परत. त्यासाठी कुणी कुणाचा रक्तगट तपासला नव्हता. सातबारा होता आणि रस्त्यावर आलेली माणसं होती, त्यांत बायका कमरेला पदर खोचून पुढे.

आणि आज? 2022 मध्ये महापालिकेच्या विकास आराखड्याचं प्रारूप आलं, हरकती-सूचना मागवल्या. आमच्या आळीत गाड्यांच्या मागच्या काचेवर ‘आगरी किंग’ लिहिलेल्या एकवीस गाड्या मी मोजल्यात. हरकत लिहून देणारे आम्ही सहा जण, त्यातला एक माझा बाप, त्याला मीच ओढत नेलं होतं. गरजेपोटी, परवानगीशिवाय बांधलेल्या घराला नोटीस आली की मग सगळे नगरसेवकाच्या दारात. तेही दार कितीतरी वर्षं नव्हतंच. 2015 नंतर महापालिकेचं मतदान थेट 15 जानेवारी 2026 ला झालं, मध्ये प्रशासक. त्याबद्दल गावात कुणी हूं की चूं केलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ‘मूळ रक्त’ हा शब्द म्हणजे हरकत न लिहिण्याची सोय झालीय.

दास्तानफाटा

दादा, तुम्ही लिहिलंय छान, पण हे पोट भरल्यानंतरचं तत्त्वज्ञान आहे. सातबारा होता म्हणता. कुणाचा होता? माझ्या आज्याचं नाव कुळ म्हणूनसुद्धा लागलं नव्हतं. मिठागरावर मजूर, राहायचा दुसऱ्याच्या जागेत. त्याच्याकडे कागद नाही, पावती नाही. त्याने सरकारपुढे काय ठेवायचं? ‘आमी इथलेच’ एवढं एकच वाक्य त्याच्याकडे होतं. तेच पुढे ‘भूमिपुत्र’ झालं, मोर्चाच्या बॅनरवर गेलं. तो शब्द नसता तर साडेबारा कशाचे, सव्वा टक्का मिळाला नसता.

बरं, साडेबाराचं तरी पूर्ण कुठे मिळालं? त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सुविधांच्या नावाखाली कापले, हातात पावणेनऊ. आता नव्या टॉवरमधले लोक आमच्या पोरांना ‘गावठी’ म्हणतात, भाड्याने घर बघायला आले की विचारतात, बाजूला गावठाण नाही ना? माझ्या मुलीला वर्गात कुणीतरी म्हणालं, तुमच्या घराला सुकटीचा वास येतो. तिला मी काय सांगू, घुर्ये वाच? तिला मी सांगितलं, आपण मूळ मालक आहोत. बरं वाटलं तिला.

वेशीवरचा

काका, ‘आम्ही इथले’ आणि ‘आमचं रक्त शुद्ध’ ही दोन वाक्यं आहेत. तुमच्या आजोबांचं वाक्य मी खोडलेलं नाही.

दास्तानफाटा

कागदावर दोन असतील. मोर्चात ओरडताना एकच होतं.

माथाडीचा_पोरगा

हे एक झालेलं वाक्य ऐकणाऱ्याच्या कानाला कसं लागतं ते सांगतो. माझे वडील साताऱ्याकडचे, मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे. बाजार तुर्भ्याला हलला तसे आम्हीही कोपरखैरण्याला आलो, माथाडींच्या घरात. मी इथे जन्मलो, इथे शिकलो, इथल्याच बाईशी लग्न केलं, सासरे तुमच्यातलेच. तरी गावच्या मैदानावर भांडण झालं की पहिला शब्द ‘घाटी’. माझ्या पोराच्या अंगात अर्धं ‘मूळ रक्त’ आहे. स्मरणिकेत त्याचा अर्धा फोटो छापणार का?

माझ्या बापालाही कुणी हक्क आणून दिला नव्हता. 1969 चा माथाडी कायदा हमालांच्या संघटनेने मिळवला. त्यामुळे मला वेशीवरचा दादा पटतो. पण दादा, तुमच्या सहा जणांत आमच्या बाजूचा कुणी का नव्हता, हेही विचारा. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. हरकतीचं गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलं असणार, त्यात आम्ही नाही.

सेक्टर_बाराचा

रक्त, वंश, इतिहास सगळं ठीक. जत्रेच्या चार दिवसांत रस्त्यावर मंडप आणि रात्री डीजे, त्याची हरकत कुठे नोंदवायची? आम्ही टॅक्स भरतो.

खाडीकाठ

बारावाले, टॅक्स आमीपन भरतो. जत्रा तुमचे बिल्डिंगच्या आधीची हाय.

आता मूळ विषयावर. सगळे ‘आगरी-कोळी’ एका दमात बोलतात, जसं काही जोडनाव आहे. मी दिवाळे गावची कोळीण. आमच्याकडे शेत नव्हतं, आमची खाडी होती. शेताला सातबारा असतो, खाडीला नसतो. ज्याची जमीन गेली त्याला टक्के मिळाले, भराव पडून ज्याची मासळी गेली त्याचे टक्के कशावर काढणार? म्हणून ‘सातबारा आणि मोर्चा’ हे वाचून मला हसायला आलं. आमच्या बायका मोर्चाला होत्या, वाटणीला नव्हत्या.

आणि शुद्ध रक्ताचं म्हणाल तर नारळी पुनवेला, कोळी डान्सच्या स्पर्धेला सगळेच कोळी होतात. दुसऱ्या दिवशी मासळी बाजाराच्या ओट्यांना पाणी नाही म्हणून विभाग कार्यालयात जायचं असतं, तेव्हा आम्ही तिघी. तेवढं मात्र वेशीवरचे दादा बरोबर बोलले.

दिघ्याहून

मी 1972 च्या दुष्काळात जालन्याहून आलेल्या खाणकामगाराचा नातू. या शहराच्या सिमेंटमध्ये जी खडी आहे, ती फोडणाऱ्यांतला एक माझा आजा. राहायला एमआयडीसीच्या जागेवरची झोपडी.

रक्त शुद्ध आहे म्हणणाऱ्याचं पुढचं वाक्य काय असतं, ते आम्हाला पाठ आहे. शुद्ध म्हटलं की अशुद्ध शोधावाच लागतो. बाबासाहेबांनी 1936 मध्येच विचारलं होतं, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा फरक तो कोणता? जात म्हणजे वंश नव्हे, एकाच वंशाच्या माणसांची ती सामाजिक विभागणी आहे, हे त्यांचं म्हणणं. साहेबाची फूटपट्टी त्यांनी मोडली. आपणच ती चिकटवून परत वापरतो. आणि यात फक्त आगरी समाज येत नाही. आमच्या वस्तीतही ‘आम्हीच मूळनिवासी’ म्हणून रक्ताची भाषा करणारे आहेत. त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

पण वेशीवरचा भाऊ, तुमच्याशीही आहे. तुम्ही रक्त काढून तिथे सातबारा ठेवलात. माझ्यासारख्याला दोन्ही दारं बंदच. एका सार्वजनिक कामाच्या सुनावणीला मी गेलो होतो, कुठल्या ते सोडा. टेबलावरच्या माणसाने पहिला प्रश्न केला: ‘तुमचा प्लॉट नंबर?’ नाही म्हटल्यावर म्हणाला, मग तुमचा काय संबंध? हरकत घ्यायला जमीन लागत नाही हो, इथे राहतो एवढं पुरतं. पण हे त्याला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही नव्हतं.

पनवेलचा_मास्तर

निवृत्त झालोय, वेळ आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

रक्ताबद्दल विज्ञान काय म्हणतं? 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं, की भारतातले जवळजवळ सगळे समूह दोन पुरातन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेत, आणि ही सरमिसळ साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात झाली. नंतर जातीतल्या जातीत लग्नं करून आपण कुंपणं घातली. म्हणजे भेसळ आधीची आणि कुंपण नंतरचं.

आणि ‘इथलं’ होणं कसं असतं याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. बेने इस्राएल मंडळी. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. ठाण्यात त्यांचं 1879 चं सिनेगॉग आजही उभं आहे. घरात बोलणं मराठीत. आता त्यांना आपल्यातलं म्हणायचं की बाहेरचं? आमच्या लहानपणी हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. पेणचा तो पेणकर, विषय संपला.

तरीही दास्तानफाटा यांचं एक म्हणणं मला सोडवत नाही. त्यांच्या मुलीला ते कुठल्या शब्दांत सांगणार? विज्ञानाने तिच्या घराचा अपमान भरून निघत नाही. दि. बां.चं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला मिळावं म्हणून जून 2021 मध्ये जी मानवी साखळी झाली, तिच्यात मी उभा होतो. शेजारी एक म्हातारी होती, उन्हात अनवाणी. तिला विचारलं, आजी, कशाला आलात? म्हणाली, आमचा मानूस हाय. तिथे उभं राहून मी तिला रिस्ले समजावून सांगणार होतो का?

सेक्टर_बाराचा

मास्तर, मीही साखळीत उभा राहिलोय. नेरुळच्या डीपीएस तलावासाठी, फ्लेमिंगोंसाठी. तेव्हा गावातलं कुणी आलं नव्हतं.

खाडीकाठ

तलावात भरतीचं पाणी येतं कुठून आणि अडतं कुठं, ते आमचे म्हाताऱ्यांना विचारलंव का कधी? बोलवायचं होतंव. पक्षी आमी तुमच्या आधीपासून बघताव.

सेक्टर_बाराचा

नाही विचारलं. खरंय. डीजेचं मात्र मागे घेत नाही.

वेशीवरचा

दिघ्याहून, तुमचा टोला बसला. रात्रभर डोक्यात होता. मी सातबारा म्हणालो कारण मला तेवढंच माहीत होतं. आमच्या घरात लोखंडी पेटीत तो एकच कागद जपलेला. खाडीकाठ ताई, तुमचंही. माझ्या आजोबांच्या मिठागराचासुद्धा सातबारा आमच्या नावावर कधीच नव्हता, हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं विसरलो की टाळलं, मलाच सांगता येत नाही.

काल चुलतभावाला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, रक्ताचं वाक्य काढतो, पण त्या जागी काय घालू? पान कोरं ठेवता येत नाही, समोर जाहिरात आहे. मी सुचवलं, 1984 च्या पाच हुतात्म्यांची नावं आणि खाली, मिठागरावर आणि खाडीत राबलेल्या ज्या माणसांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत त्यांच्यासाठी एक ओळ. तो म्हणाला, ओळ ठीक, पण त्यात घाटी आणि दिघ्यावाले येणार नाहीत. त्यावर पुन्हा वाजलं. मधे काकूने चहा आणला म्हणून थांबलं.

दास्तानफाटा काका, तुमच्या आजोबांचं नाव मिळेल का? ओळीत पहिलं तेच घालायचा विचार आहे.

दास्तानफाटा

व्यक्तिगत निरोपात पाठवतो. ‘आमी इथलेच’ तेवढं ठेवा. भाषा सुधारू नका.

माथाडीचा_पोरगा

आणि पुढच्या हरकतींचा निरोप मलाही पाठवा. माझ्या चाळीतून चार माणसं आणतो, प्लॉट नंबर नसलेली.