बिघडलेल्या पोराची गोष्ट, पण घर कुणाचं दाखवतात?

दुपारचीझोप:
'अडोलसन्स' ही ब्रिटिश मालिका परत बघितली (२०२५ ची, चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग टेकमध्ये). तेरा वर्षांच्या जेमी या गोऱ्या पोराला शाळेतल्या केटीच्या खुनासाठी पकडतात, ती गोष्ट. पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या करामतीतच गुंतलो होतो, या वेळी वेगळंच खटकलं. तपास अधिकारी बॅस्कम कृष्णवर्णीय, शाळेत सगळ्या रंगांची पोरं, म्हणजे कास्टिंगमध्ये बोट ठेवायला जागा नाही. पण जेड आठवतेय का? केटीची मैत्रीण, कृष्णवर्णीय मुलगी. मैत्रीण गेलीय, भर मैदानात जेमीच्या मित्राला, रायनला, बुकलून काढते, टीचरशी दोन शब्द बोलते आणि संपली. तीही बिथरलेलंच मूल ना? तिचं घर नाही, आई नाही, काही नाही. उलट जेमीचा बाप शेवटी पोराच्या पलंगावर पडून रडतो, टेडीला पांघरूण घालतो. (मीही रडलो, खोटं कशाला बोलू.) मला एकट्यालाच असं वाटतंय का?

खडूस_काका:
अरे पण गोष्ट जेमीची आहे! सगळ्यांच्या घरात कॅमेरा न्यायचा तर चाळीस भाग काढावे लागतील. आणि बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही, दुसऱ्या भागात ती फ्रँक, बॅस्कमची सहकारी, बोलूनच दाखवते की सगळे जेमीलाच लक्षात ठेवणार, केटीला कोणी नाही. शिवाय केटीच्या कमेंटमधल्या इमोजींचा अर्थ बॅस्कमला त्याचाच मुलगा समजावतो, म्हणजे तिथे बापलेकाचं नातं आलंच की. प्रत्येक गोष्टीत हजेरीपट घेऊन बसू नका राव.

समुपदेशक_ताई:
काका, हजेरी तर लागलीच आहे, प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मी शाळेत मुलांचं काउन्सेलिंग करते. एकदा दोन मुलांनी मिळून वर्गाची काच फोडली, एकच दगड, दोघांनी आळीपाळीने मारलेला. एकाच्या कागदावर आलं 'सध्या तणावात आहे', दुसऱ्याच्या 'घरचंच वळण'. कागद लिहिणारी बाई एकच, आणि तिला यात काही वावगं वाटलंच नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांतही हे पुन्हापुन्हा दिसलंय की सारख्याच वागण्याला गोऱ्या मुलाला एडीएचडीचं (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) लेबल मिळण्याची शक्यता जास्त आणि कृष्णवर्णीय मुलाला कंडक्ट डिसऑर्डरचं (सतत नियम मोडणं, आक्रमक वागणं). पहिल्याला उपचार मिळतात, दुसऱ्यावर नजर ठेवतात. आणि सिनेमावाले दहा वर्षांच्या पोराला बिनधास्त 'सायकोपॅथ' म्हणून मोकळे होतात, प्रत्यक्षात त्याच्या जवळचं जे अधिकृत निदान आहे, अँटीसोशल पर्सनॅलिटीचं, ते अठराच्या आत करतच नाहीत. तिसऱ्या भागात ती सायकॉलॉजिस्ट जेमीसाठी हॉट चॉकलेट आणते, अर्धं सँडविच देते, एवढा वेळ एका पोराला मिळतो हेच बघून मला हेवा वाटला.

दोनघरांची_आई:
माझा मुद्दा जरा वेगळाय. आमची लेक दत्तक आहे, आणि पडद्यावर दत्तक मूल आलं की घरातल्या चाकूसुऱ्या मोजायच्या हे ठरलेलं! २००९ च्या 'ऑर्फन' या दत्तक मुलीवरच्या भयपटाच्या ट्रेलरमध्ये एक वाक्य होतं, दत्तक मुलावर पोटच्या पोराइतकं प्रेम करणं अवघड असेल अशा अर्थाचं. दत्तक कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आवाज उठवल्यावर स्टुडिओने ते काढलं. वाक्य गेलं, सिनेमा तोच राहिला. लेकीने बारा वर्षांची असताना मैत्रिणीकडे तो बघितला आणि घरी येऊन विचारलं, तू मला घाबरतेस का गं.

रात्रपाळी:
ताई, अंगावर काटा आला वाचून.
या धाग्यावर 'ल्यूस' हा सिनेमा (२०१९) कसा नाही आला अजून? एरिट्रियातून आणलेला दत्तक मुलगा, गोरे आईबाप, शाळेचा हिरो. टीचर त्याच्या लॉकरमध्ये फटाके शोधून काढते आणि तिथून सगळं फिरतं. टीचरसुद्धा कृष्णवर्णीय, त्यामुळे 'गोरे वाईट' असा सोपा हिशोब लागत नाही. त्या पोराने एक तर आदर्श व्हायचं नाहीतर राक्षस, मधली जागाच नाही. जेमीला ती मधली जागा भरपूर मिळते.

खडूस_काका:
हे 'मधली जागा' पटलं. जेडबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण पटलं.

दुपारचीझोप:
काकांना पटलं, स्क्रीनशॉट काढून ठेवतो 😄 'ल्यूस' आज रात्री लावतो. @दोनघरांची_आई, तुम्ही लेकीला उत्तर काय दिलंत?

दोनघरांची_आई:
गणिताचा पेपर असला की घाबरते म्हटलं. हसली. मग रात्री माझ्याच खोलीत झोपायला आली.