पाण्यावर झुकलेल्या फांद्यांखाली जिग शूट करायला रॉड कोणता घ्यावा?

करंजसावली

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा, रामबागेत राहतो, सुट्टी मिळाली की चोरल धरणाकडे नाहीतर मंडलेश्वरच्या पुढे नर्मदेवर गळ घेऊन जातो. आत्तापर्यंत कणकेची गोळी, तळाला शिसं आणि बसून राहायचं एवढंच केलंय. पण काही जागा अशा आहेत की काठावरच्या करंजाच्या फांद्या पाण्यापासून जेमतेम वीतभर वर, आत गच्च सावली, आणि तिथेच तिलापिया फिरताना दिसतात, कधी मरळसुद्धा वर येऊन श्वास घेऊन जाते. नेहमीसारखं फेकलं की गळ फांदीत जाऊन बसतो, मग अर्धा तास तो सोडवण्यात.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक बघितले, ते जिग (शिशाचं डोकं असलेला गळ, वर प्लास्टिकचा मासा) हातात धरून रॉड मागे वाकवतात आणि सोडून देतात, जिग सपाट सुटून बोटी लावायच्या धक्क्याखाली पार आत जातं. हे इकडे जमेल का? माझ्याकडे आठ फुटी टेलिस्कोपिक आहे, तो चालेल का? नसेल तर रॉड, रील, लाइन काय घेऊ, जिग किती वजनाचं? बजेट सगळं मिळून तीनेक हजार, फार तर साडेतीन.

ओझार्कवाला

अरे वा, रामबाग! मी मूळचा पलासियाचा, आता मिसूरीत आहे, इथे लेक ऑफ द ओझार्क्सवर लोकांचे खाजगी धक्के इतके आहेत की उन्हाळ्यात क्रॅपी (इथला एक मासा) पकडायची म्हणजे हेच करावं लागतं. मासा सावलीत बसतो, बारके मासे पण तिथेच येतात, आणि धक्क्याच्या फळ्या पाण्यापासून इतक्या जवळ असतात की हात फिरवून फेकायला जागाच नसते.

आधी एक गोष्ट डोक्यात घे म्हणजे खरेदी सोपी होईल. नेहमीच्या फेकीत रॉड जिगच्या वजनाने वाकतो, म्हणून हलकं जिग तर लुसलुशीत रॉड असा हिशोब असतो. इथे रॉड तू बोटांनी ओढून वाकवतोस, गलोलीसारखा, जिगच्या वजनाचा त्यात काही हात नाही. त्यामुळे एक दीड ग्रॅमचं जिग असलं तरी रॉडला खालच्या अर्ध्यात ताठपणा लागतो. लोक चुकतात ते इथेच, अल्ट्रालाइट लिहिलंय म्हणून पूरा मुठीपर्यंत वाकणारा रॉड घेतात, मग सोडल्यावर टोक डुलत राहतं आणि जिग कुठेही जातं. टोक मऊ, मधून मुठीकडे ताकद, सोडला की झटकन सरळ होऊन थांबला पाहिजे. लांबी पाच ते सहा फूट. टेलिस्कोपिक नको, त्याचे सांधे असा वाकवायला बनलेलेच नसतात आणि आठ फूट तर फांद्यांमध्ये वळवता पण येणार नाही.

रील 1000 साइजचं साधं स्पिनिंग, महागाची गरज नाही. लाइन 4 किंवा 6 पाउंड ताकदीची मोनो (एकाच धाग्याची नायलॉन), भडक पिवळी घे, कारण जिग खाली बुडत असतानाच मासा घेतो आणि हाताला काही कळत नाही, लाइन थबकली किंवा बाजूला सरकली की समजायचं. जुनी, वेटोळी पडलेली लाइन असेल तर बाकी सगळं चांगलं असून फायदा नाही. जिग 1/16 औंस म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, शिकायला हेच बरं, सपाट जातं. हात बसला की 1/32 वर ये, ते हळू बुडतं, सावलीत जास्त वेळ राहतं. वरचं प्लास्टिक सरळ, भरीव, माशाच्या आकाराचं. गोल वळलेल्या शेपटीवालं पाण्याला अडकतं, पाण्यावरून टप्पा खात आत जात नाही.

करायचं असं, जिग लोंबकळत रीलच्या वरच्या पहिल्या गाइडपर्यंत (रॉडवरची लाइन ओवायची कडी) येईल एवढी लाइन सोड, बेल (रीलवरची लाइन अडवणारी तार) उघड, लाइन तर्जनीने दाबून धर. दुसऱ्या हाताने जिगचं शिशाचं डोकं चिमटीत, गळाचं टोक बोटांपासून बाहेर, हे आधी बघायचं मग ओढायचं. रॉडचं टोक पाण्याजवळ नेऊन फटीकडे रोख, मागे ओढ, जिग सोड, लगेच तर्जनी सोड. तर्जनी उशिरा सुटली तर जिग पुढ्यातच आपटतं, आधी सुटली तर रॉडचा जोर वाया जातो. हिसका हलका मारायचा, क्रॅपीचं तोंड फार पातळ असतं, फाटतं. तिलापियाचं तसं नाही.

जुना_गळकरी

वरच्या भाऊंनी सगळं बरोबर सांगितलं पण ते क्रॅपीचं सांगताहेत. आपल्याकडे त्या फांदीखाली कोण बसलंय ते आधी बघा. तिलापिया मुळात शेवाळ खाणारा, जिगच्या मागे भुकेने फारसा येत नाही, नर घरटं राखत असला की चिडून मारतो. तोंडही लहान, म्हणून गळ बारीक लागेल. मरळ असेल तर मात्र 4 पाउंड लाइनचा विचारच सोडा, दात आहेत आणि ती घेतल्या घेतल्या झाडाच्या मुळांमध्ये घुसते, बारीक लाइन गेली आणि मासा तोंडात गळ घेऊन फिरत राहिला, ते मला पटत नाही. मरळीसाठी वेगळा सहा साडेसहा फुटी ताठ रॉड, 20-30 पाउंड ब्रेड (विणलेली लाइन), गळ प्लास्टिकच्या पोटात लपवलेला, आणि तो ओढून सोडायचा नाही, बाजूने खालून फेकून पाण्यावर उडवायचा. एका रॉडमध्ये दोन्ही बसवायला गेलात तर एकही धड होणार नाही.

दुसरं म्हणजे वेळ. एमपीत 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, अंडी घालायचा काळ. त्यानंतर धरण भरलेलं असतं आणि तेव्हाच फांद्या पाण्याला टेकतात. मार्च-एप्रिलमध्ये जाल तर पाणी झाडांपासून इतकं मागे गेलेलं असतं की शूट करायला वर छतच उरत नाही, नुसता चिखल. सप्टेंबर ते डिसेंबर हाच तुमचा सीझन. त्यातही मरळीच्या भोवती पिल्लांचा लाल गोळा दिसला तर तिला सोडून द्या, आईबाप राखत असतात, उचलले तर पिल्लं संपली.

यशवंत सागर आणि सिरपूरकडे बघूच नका, दोन्ही 2022 मध्ये रामसर यादीत (जपायच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेलेत. बाकी तलावही बहुतेक मत्स्य सहकारी समित्यांना पट्ट्यावर दिलेले असतात, तिथे जाऊन आधी विचारायचं. आणि महेश्वरच्या घाटापाशी गळ काढायचा नाही, तिथे लोक माशांना खाऊ घालायला येतात. महसीर लागला तर फोटो पण पाण्यातच, तो आपला राज्य मासा आहे.

करंजसावली

काका, खूप आभार, हे वेळेचं तर डोक्यातच नव्हतं. मग पहिला रॉड तिलापियासाठीच घेतो. दोन शंका. ब्रेड बारीक मिळते, 8 पाउंडची, मोनोऐवजी ती लावली तर? आणि इथे दुकानात अशा रॉडचं नाव काढलं की ते समुद्रावरचे जाड रॉड दाखवतात, ऑनलाइन मागवला तर वाकवून कसा बघायचा?

चिखलातला_बगळा

ब्रेड नको रे. हलक्या जिगला सैल राहते, टोकाच्या गाइडला गुंडाळी बसते आणि बसली की पुढचं शूट थेट फांदीत. शिवाय रोज ओढून तर्जनी कापते. शिमानो सिएना 1000 किंवा त्याच्या आसपासचं कुठलंही रील, त्यावर मोनो, विषय संपला. पैसे रॉडवर घाल.

ऑनलाइनवाल्याला लांबी आणि ल्युअर वेट (रॉडला किती वजनाचं जिग चालतं ते) विचार, 1 ते 7 ग्रॅम किंवा 2 ते 8 लिहिलेला, फास्ट ॲक्शनचा बघ. फास्ट म्हणजे वरच्या भागातच वाकणारा. आला की परत करायची मुदत असते तोवर घरात तपास, टोकाला लाइन बांधून मुठीच्या दिशेने ओढ, मुठीच्या वरचा वीतभर भाग पण वाकायला लागला तर सरळ परत पाठव. मूठ आखूड असावी, लांब मूठ पोटाला लागते कारण हे सगळं वाकून, बसून करायचं असतं.

आणि हे कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, ते अमेरिकेवाले बोटीत असतात, पाण्याच्या बरोबरीला. आपण काठावर. काठ दोन फूट उंच असला तरी जिग वरून खाली जातं आणि टप्पा न खाता बुडतं. म्हणून उतरता, सपाट काठ शोध, गुडघाभर पाण्यात जाता आलं तर उत्तमच, पण चोरलला आधी काठीने तळ चाचपून, गाळ कुठे कुठे मांडीपर्यंत घेतो.

सराव घरी. गळ कापून टाकलेलं जिग घे, खाटेखाली समोरच्या भिंतीपर्यंत शूट कर. खाटेच्या पट्टीला न लागता जायला लागलं की तळ्यावर जा.

ओझार्कवाला

बगळेबुवांचं काठाचं एकदम बरोबर, मी बोटीचंच धरून चाललो होतो. काठावरून असेल तर सहा फूट न घेता साडेपाचच्या आतला घे, टोक पाण्याजवळ न्यायला सोपं जातं. आणि पहिलं शूट फटीच्या तोंडाशीच ठेव, बाहेरचा मासा आधी काढायचा, एकदम आत मारलंस तर आतला ओढून आणताना बाहेरचे सगळे पळतात.

करंजसावली

साडेपाच फुटी, 2 ते 8 ग्रॅमवाला मागवला. खाटेखालच्या सरावाला घरून परवानगी मिळालीये, फक्त गळ कापलाय हे आईने स्वतः बघितल्यावर.