आधी दिग्दर्शक, मग बाँड
पुढच्या सिनेमात नवा जेम्स बाँड कोण होणार, यावरच सगळ्यांची चर्चा अडकलीय. मला तर दिग्दर्शक जास्त महत्त्वाचा वाटतो. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलचंच घ्या. १९९५ला 'गोल्डनआय'मध्ये पिअर्स ब्रॉस्नन आणि २००६ला 'कसिनो रोयाल'मध्ये डॅनियल क्रेग, दोघांचीही बाँड म्हणून सुरुवात त्याच्याच हातून झाली. क्रेगच्या सोनेरी केसांवरून आधी केवढा गदारोळ! सिनेमा आला आणि बहुतेक टीकाकार चिडीचूप. ब्रॉस्ननची निवड खरं तर १९८६लाच झाली होती, पण टीव्ही मालिकेच्या करारात तो अडकला आणि बाँड म्हणून टिमथी डाल्टनची वर्णी लागली. (मला डाल्टन आवडतो, हसा खुशाल.) जॉर्ज लेझेन्बी बाँड म्हणून एकाच चित्रपटात दिसला, पण त्याचा दिग्दर्शक पीटर हंट मूळचा संकलक, ते त्यातल्या मारामाऱ्यांत जाणवतं. आता पुढच्या बाँडपटाचा दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालंय, त्यामुळे नायक कोणीही असो, मी तिकीट काढणार.