मदत हवी आहे: फरशीच्या मिस्त्रींना पाणी सोडत कापायला कसं पटवायचं?

नमस्कार मंडळी,
नाशिकला घराचं काम काढलंय. खोल्यांना व्हिट्रिफाइड टाइल्स, ओट्याला ग्रॅनाइट. मिस्त्री हाताचे पक्के, लेव्हलमध्ये नाव ठेवायला जागा नाही. अडचण वेगळीच आहे.

गॅलरीत बसून सगळी कापणी कोरडीच चालते. पायात स्लीपर, कटरचं गार्ड काढलेलं, तोंडाला फार तर रुमाल. हेल्परच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या होतात. वायरला प्लग नाही. उघडी टोकं सॉकेटात खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकल्यात. बोललं की उत्तर ठरलेलं, "ताई, वीस वर्षं हेच करतोय, काही होत नाही."

एन-95 मास्क आणून दिले. एक दिवस लावले, मग हनुवटीवर आले, आता खिळ्याला टांगलेत. घामाने चिकटतात, जीव गुदमरतो, शिवाय तंबाखूची पंचाईत. हातमोजे मात्र त्यांनी साफ नाकारले आणि ते मलाही पटलं. फिरत्या पात्यात मोजा अडकला की हातच ओढला जायचा. म्हणजे धोका कळत नाही असं नाही. लगेच रक्त काढणारा कळतो. ग्रॅनाइटच्या धुळीतली सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, हे कुणाच्या गावी नाही. (क्वार्ट्झचा, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम दगडाचा, ओटा मी म्हणूनच रद्द केला. त्यात सिलिका फारच जास्त. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदीच घातली.)

पाणी सोडत कापलं तर धूळ बरीच बसते. पण मिस्त्री म्हणतात चिखल होतो, आखलेली रेघ पुसते, वेळ जातो. मजुरी स्क्वेअर फुटावर ठरलीय, तेव्हा गेलेला वेळ त्यांच्याच खिशातून जाणार. नुसतं आरोग्यावर भाषण देऊन काय उपयोग? ओल्या कापणीचा जादा दर द्यायची माझी तयारी आहे. रनिंग फुटाला कुणी किती दिलाय? पाणी आणि त्या काड्या एकत्र नकोत म्हणून आधी इलेक्ट्रिशियनकडून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घेणार आहे. प्लगही मीच आणेन. फिल्टर बदलता येणारा रबरी हाफ मास्क उन्हाळ्यात कुणा कारागिराने खरंच वापरलेला पाहिलाय का?

आणि हेल्परसाठी एक. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. महिन्यात तीन-चार मालक बदलणाऱ्याला तो देणार कोण? ग्रामसेवक किंवा महापालिकेकडून कुणी मिळवला असेल तर काय काय कागद मागितले ते सांगा. ग्रॅनाइट सोमवारी येतोय, दराचं त्याआधी कळलं तर बरं.