शब्दचर्चा : जॅझमधील ‘रीइमॅजिन्ड’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

न्यूयॉर्कचे तालवादक बॉबी सनाब्रिया यांच्या मल्टिव्हर्स बिग बँडने २०१८ मध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी रीइमॅजिन्ड’ (म्हणजे नव्याने कल्पिलेली ‘वेस्ट साइड स्टोरी’) हा दोन सीडींचा संच प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीत नाटकाचे संगीत लिओनार्ड बर्नस्टाइन यांचे आणि गीते स्टीफन सॉन्डहाइम यांची आहेत. या संचाचा मराठीत परिचय लिहिताना शीर्षकाच्या शेवटच्या शब्दापाशी लेखणी अडली आहे. ‘पुनर्कल्पित’ हा शब्द अलीकडे दिसू लागला आहे, पण तो वाचून कानात काहीच वाजत नाही. ‘पुनर्रचना’ म्हटले की जिल्ह्यांची किंवा खात्यांची आठवण होते. ‘रीमिक्स’ म्हणावे, तर जुन्या ध्वनिमुद्रणावर केलेली कारागिरी असा अर्थ होतो, आणि येथे तर सगळे नव्याने वाजवलेले आहे. शिवाय ‘मल्टिकल्चरल एन्सेम्बल’ (निरनिराळ्या संस्कृतींतील वादकांचा समूह) हा शब्दप्रयोगही मराठीत आणायचा आहे. जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद १

अर्थाआधी रूपाविषयी. ‘पुनर्’ या अव्ययापुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आले की रफार टिकतो, जसे पुनरागमन, पुनर्जन्म. पुढे क किंवा प आल्यास विसर्ग होतो, जसा पुनःप्रत्ययमध्ये झाला आहे. त्या न्यायाने शब्द ‘पुनःकल्पना’ असा हवा. ‘पुनर्प्रकाशन’सारखी रूपे रुळली असल्यामुळे ‘पुनर्कल्पना’ला कोणी हरकत घेणार नाही, हे खरे, परंतु शुद्ध करूनही हा शब्द गाण्याच्या बैठकीत कोणी उच्चारील असे वाटत नाही.

प्रतिसाद २

मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत यासाठी शब्द आहेच. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीतात ‘अरेंजर’ हे पद रूढ केले आणि मराठीत त्याचे ‘संगीत संयोजक’ झाले. अनिल मोहिले यांच्या नावामागे आपण हे बिरुद वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. तेव्हा ‘नवे संगीत संयोजन’ म्हणावे. शब्द घरचा आहे आणि कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिसाद ३

‘संयोजन’ हा शब्द उत्तम आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे आणि मला अडचण तिथे दिसते. संयोजक चाल तशीच ठेवतो. वाद्ये कोणती, ती कुठे यावीत, मधल्या जागा कशा भराव्यात, हे तो ठरवतो. आपल्याकडे गाण्याची ओळख चालीत असते. संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असे छापलेले असे, म्हणजे शब्द नवे आणि चाल आधीपासून ठाऊक असलेली. जॅझवाल्याच्या लेखी मात्र गाणे म्हणजे बहुतेक वेळा त्याखालचा कॉर्डचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, क्रम असतो. चाल एकदा वाजवायची, मग ती सोडून त्याच क्रमावर उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वादन, करीत राहायचे आणि अखेरीस पुन्हा चालीवर यायचे.

याचे टोकाचे उदाहरण जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘आय गॉट ऱ्हिदम’ या गाण्याचे आहे. १९३० च्या ‘गर्ल क्रेझी’ या नाटकातले हे गाणे मुळात ३४ बारांचे (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) होते. जॅझवादकांनी शेपटीचे दोन बार कापून ते ३२ चे केले, आणि मग त्याच्या कॉर्डवर इतक्या नव्या चाली बांधल्या की त्या क्रमालाच ‘ऱ्हिदम चेंजेस’ असे नाव पडले. नव्या चालीला इंग्रजीत ‘कॉन्ट्राफॅक्ट’ म्हणतात. गंमत अशी, की मध्ययुगीन युरोपात याच कुळातला शब्द जुन्या चालीवर नवे शब्द बसवण्यासाठी वापरला जात असे, म्हणजे तो आपल्या ‘चालीवरच्या पदा’चा सख्खा भाऊ, जॅझमध्ये येईपर्यंत त्याचा अर्थ उलटा झाला.

दुसरे टोक जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचे. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हे नाटक १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडवेवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोल्ट्रेन यांनी त्यातले ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ सोप्रानो सॅक्सोफोनवर ध्वनिमुद्रित केले. रंगमंचावर काही मिनिटांत आटोपणारे ते गाणे येथे तेरा मिनिटांहून अधिक चालते. चाल ओळखू येते, पण उपज मात्र मूळ कॉर्डक्रमावर होत नाही. पियानोवर मॅकॉय टायनर दोनच कॉर्ड आलटूनपालटून धरून ठेवतात आणि त्यावर सॅक्सोफोन फिरत राहतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे अजिबात परके वाटत नाही. याला ‘संयोजन’ म्हटले तर सांगण्यासारखे जे घडले तेच सांगायचे राहून जाते. त्यापेक्षा ‘बढत’ किंवा ‘विस्तार’ हे शब्द कितीतरी जवळचे आहेत.

म्हणून माझे मत असे, की शब्द निवडण्याआधी मूळ गाण्यातले काय टिकले आणि काय बदलले, हे लिहिणाऱ्याने ऐकून ठरवावे. चाल टिकून वाद्यमेळ बदलला असेल तर संयोजन. चाल हे केवळ निमित्त असेल तर बढत. एकच मराठी प्रतिशब्द सर्वत्र चिकटवण्याचा आग्रह कशासाठी?

विचारणाकर्तीचे उत्तर

आभार. एक शंका यातूनच निघाली. या संचाविषयीच्या इंग्रजी लेखनात एखाद्या वादकाने ‘तीन कोरस’ घेतले, असे वाक्य येते. मराठीत ‘कोरस’ म्हणजे मागे गाणारा समूह, त्यामुळे वाचकाची दिशाभूल होईल. तेथे ‘मुखडा’ चालेल का?

प्रतिसाद ४

‘मुखडा’ नको. मुखडा ही छोटी ओळ असते, तिच्यावर परत यायचे असते. जॅझमधील ‘कोरस’ म्हणजे गाण्याच्या पूर्ण आराखड्याची, बहुधा ३२ बारांची, एक फेरी. तिला ‘आवर्तन’ म्हणावे. कोणी म्हणेल की आवर्तन तालाचे असते आणि तालात कॉर्ड नसतात. परंतु ठरलेले अंतर कापून समेवर परतणे, हा गाभा दोन्हीकडे सारखाच आहे, आणि ‘त्याने तीन आवर्तने घेतली’ हे वाक्य मराठीत सहज बसते. हा शब्द नाट्यगीताच्या परिभाषेतूनच जॅझमध्ये गेला आहे. ब्रॉडवेच्या गीतात आधी संवादासारखा मोकळा ‘व्हर्स’ असे आणि मग मुख्य भाग, म्हणजे ‘कोरस’, येई. वादकांनी व्हर्स बहुतेक वेळा गाळला, तेव्हा राहिलेला कोरस हेच अख्खे गाणे झाले.

प्रतिसाद ५

मूळ प्रश्न सनाब्रिया यांच्या संचाचा होता, त्याकडे वळतो. त्यांचा जन्म १९५७ चा, म्हणजे नाटक रंगमंचावर आले त्याच वर्षीचा. आईवडील कॅरिबियनमधील पोर्तो रिको बेटाचे आणि बालपण न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधले. ‘वेस्ट साइड स्टोरी’ ज्या पोर्तो रिकन स्थलांतरितांविषयी आहे, त्यांच्यातीलच हा कलावंत. मूळ नाटकातील ‘अमेरिका’ हे गाणे सहा आणि तीन मात्रांच्या आलटूनपालटून येणाऱ्या गटांवर चालते, आणि स्वरलिपीवर त्याची लय ‘वापांगो’ अशी नोंदवलेली आहे. वापांगो हा नृत्यप्रकार मेक्सिकोचा आहे. पोर्तो रिकोच्या मुली मेक्सिकोच्या लयीत गातात, याचे १९५७ च्या ब्रॉडवेला काही वाटले नाही. सनाब्रिया यांच्या बँडमध्ये पोर्तो रिकोचे बोंबा आणि प्लेना हे ताल येतात, शिवाय लॅटिन अमेरिकेतील इतर प्रदेशांचे ताल येतात. ‘मारिया’चे पहिले तीन स्वर सा, तीव्र मध्यम आणि पंचम असे आहेत, ती खूण एवढी पक्की आहे, की ठेका कोणताही असला तरी गाणे ओळखू येते. चाल टिकते आणि गाणे ज्या मातीत उभे आहे ती मात्र बदलते.

यासाठी मराठी रंगभूमीकडे शब्द तयार आहे, तो म्हणजे ‘रूपांतर’. आपण अनुवाद आणि रूपांतर यांत काटेकोर फरक करतो. पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ हे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाचे रूपांतर आहे, कारण तेथे फुलवालीची बोलीच नव्याने जन्माला घालावी लागली. याच ‘पिग्मॅलियन’वरून ‘माय फेअर लेडी’ हे ब्रॉडवेचे संगीत नाटक निघाले आणि १९५६ मध्ये ड्रमवादक शेली मॅन यांनी आंद्रे प्रेव्हिन व लेरॉय व्हिनेगर यांच्यासह त्यातील गाणी केवळ तिघांत वाजवली. त्या ध्वनिमुद्रिकेला मी रूपांतर म्हणणार नाही. तिसऱ्या प्रतिसादातील ‘बढत’ तिला शोभेल. सनाब्रिया यांच्या कामाला मात्र ‘रूपांतर’ नेमके लागू पडते.

प्रतिसाद ६

कुमार गंधर्वांचा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा नमुना का घेऊ नये? नाट्यपदे दुसऱ्या गायकाने आपल्या समजुतीने मांडली, तर त्याला आपल्याकडे इतके सुंदर नाव आधीच मिळालेले आहे. ‘सनाब्रियांना उमजलेली वेस्ट साइड स्टोरी’ असे म्हणता येईल.

प्रतिसाद ५ चे लेखक

मथळा म्हणून मोह पडावा असा आहे. तरी ‘उमजलेले’ या शब्दात मूळ कलावंतापुढे नतमस्तक होण्याचा भाव अधिक आहे. सनाब्रिया यांना मूळ कृतीविषयी आदर आहेच, पण आपल्या लोकांचे ताल त्यात घालताना ते बर्नस्टाइन यांना काही सांगतही आहेत, असे मला ऐकताना वाटते. ‘उमजलेले’ म्हटल्याने ही बाजू झाकली जाईल.

राहता राहिला ‘एन्सेम्बल’. ‘ताफा’ म्हटले की वरात डोळ्यांपुढे येते, ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणेशोत्सवातला चित्रपटगीतांचा कार्यक्रम, आणि ‘वाद्यवृंद’ला आकाशवाणीचा वास आहे, तोही वाद्यांचा निर्देश करणारा, माणसांचा नव्हे. ‘वादकसंच’ बरा, पण हा संच सीडींचाही असल्याने आपल्या लेखात घोटाळा होईल. म्हणून सीडींना ‘दोन सीडींचा अल्बम’ म्हणावे. ‘बहुसांस्कृतिक’ हे विशेषण वगळले तरी चालेल. त्याऐवजी वादक कोणकोणत्या समाजांतून आले आहेत, हे एका वाक्यात लिहावे. मूळ शीर्षक देवनागरीत जसेच्या तसे ठेवून त्याखाली ‘वेस्ट साइड स्टोरीचे लॅटिन जॅझ रूपांतर’ अशी ओळ द्यावी, असे सुचवतो.